हातघडणीचा स्नूकर क्यू : किंमत कशाची, पारख कशी, वाट किती?

स्नूकरविषयी आलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे हाताने घडवलेल्या क्यूची (चेंडू टोलवायच्या काठीची) किंमत, दर्जा आणि उपलब्धता यांसंबंधी असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : कारखान्यात तयार झालेला क्यू आणि हाताने घडवलेला क्यू शेजारी ठेवले, तर दोन्हींचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) अ‍ॅश या झाडाच्या लाकडाचा, दोन्हींचा बट (हातात धरायचा मागचा जाड भाग) आबनुसाचा, लांबी आणि वजनही जवळपास सारखेच असते. तरीही दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असते. हे जादा पैसे नेमके कशाचे?

उत्तर : सर्वांत मोठा वाटा शाफ्टच्या निवडीचा असतो, आणि दुकानात क्यू हातात घेतल्यावर नेमकी हीच गोष्ट सहज नजरेत भरत नाही. अ‍ॅशच्या फळीतून चौकोनी दांडी कापली, की तिचे रेषे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात की मध्येच एका बाजूला निसटतात हे आधी पाहिले जाते. रेषे निसटलेली दांडी आज सरळ दिसली, तरी पुढे ती वाकण्याचा धोका मोठा असतो आणि आघाताच्या वेळी ती सगळ्या दिशांनी सारखी लवत नाही. चांगला कारागीर दांडी एका दमात बारीक करत नाही. तो ती थोडी छिलतो, काही आठवडे किंवा महिने तशीच टांगून ठेवतो, लाकडातला ताण मोकळा होऊन ती कुठे वळते ते बघतो आणि मग पुन्हा छिलतो. या प्रत्येक थांब्यावर काही दांड्या वाकतात आणि बाजूला काढाव्या लागतात. आपण एका क्यूचे पैसे देतो तेव्हा या बाद झालेल्या दांड्यांचे आणि त्यांच्यावर खर्च झालेल्या वेळाचेही पैसे त्यात असतात.

दुसरा वाटा जोडकामाचा. यंत्रावर जोडलेल्या क्यूमध्ये शाफ्टच्या आणि बटाच्या टोकांना एकमेकांत बसतील असे खोल खाचे पाडून ते दोन्ही भाग चिकटवतात. काम वेगाने होते आणि जोड मजबूतही असतो. हाताच्या जोडकामात शाफ्टच्या जाड टोकाची एक बाजू रंध्याने उतरती सपाट करून तिच्यावर आबनुसाची पट्टी चिकटवतात, मग समोरची बाजू, मग उरलेल्या दोन. सरस वाळेपर्यंत दर वेळी थांबावे लागते. चारही पट्ट्या बसल्यावर तो चौकोनी ठोकळा रंध्याने गोल केला जातो. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये केसाएवढीही फट राहू न देणे हे यातले कसब आहे, कारण गडद लाकडाशेजारच्या फिक्या अ‍ॅशमध्ये अशी फट लपत नाही आणि आघाताचा नादही तिथे बोथट होतो.

तिसरा वाटा मापांचा असतो. लांबी, वजन, टिपेची (टोकावरच्या चामड्याच्या गोल तुकड्याची) जाडी, बटाचा घेर आणि तोल कुठे साधायचा हे सारे एकाच खेळाडूसाठी ठरवायचे, तर प्रत्येक क्यू नव्याने विचार करून करावा लागतो. सर्वसाधारण क्यू ५७ ते ५८ इंच लांब, १७ ते १९ औंस वजनाचा आणि साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास टिपेचा असतो. परंतु शाफ्ट टिपेकडे किती वेगाने निमुळता होतो यावर तो ताठ लागेल की लवचिक हे अवलंबून असते. ही उतरण कारागिराच्या हाताने आणि डोळ्याने ठरते.

चौथा वाटा शोभेचा आहे, आणि तो इथे स्पष्टपणे वेगळा सांगणे मला आवश्यक वाटते. पुढच्या बाजूचे रंगीत लाकडी पापुद्रे घातलेले जोड, दुर्मिळ लाकडांच्या कमानी आणि कोरीव नावपट्टी यांना कष्ट पडतात, म्हणून त्यांचे पैसे घेणे रास्तच आहे. त्यांनी खेळ मात्र सुधारत नाही. आपला खर्च मर्यादित असेल, तर साध्या बटाचा आणि उत्तम शाफ्टचा क्यू मागावा. देखण्या बटाला सुमार शाफ्ट जोडलेला क्यू माझ्या मते सर्वांत महागडी खरेदी ठरतो.

प्रश्न : ‘हॅण्डमेड’ हा शब्द आता प्रत्येक विक्रेता वापरतो. क्यू खरोखर हाताने घडवलेला आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : पहिली खूण जोडाच्या टोकांची. वर सांगितल्याप्रमाणे सपाट पट्टी चिकटवून नंतर ती गोल आणि निमुळती केली, की गडद लाकडाचे टोक कमानीसारखे गोलसर उमटते आणि चार कमानींच्या उंचीत किंचित फरकही राहू शकतो. यंत्राच्या खाचांची टोके सुईसारखी अणकुचीदार आणि अगदी एका उंचीवर असतात. याखेरीज तिसरा प्रकार आहे : जोडाचे नुसते चित्र छापून किंवा रंगवून वर लाखेचा जाड थर दिलेला क्यू. त्याच्या बटाच्या टोकाचा थर कुठे उडाला असेल तर आतले फिके लाकूड दिसते, आणि भिंगातून पाहिल्यावर गडद भागात लाकडाची छिद्रे सापडत नाहीत.

ही खूण जोडापुरतीच खरी आहे हे मात्र ध्यानात ठेवावे. गोल कमानी असलेला क्यूही मोठ्या कार्यशाळेत अनेक हातांनी, घाईने आणि कच्च्या लाकडातून तयार झालेला असू शकतो. काही विक्रेते असे तयार क्यू विकत घेऊन त्यांना फेरूल (टिपेखालची धातूची कडी), टिप, तेल आणि स्वतःची नावपट्टी लावतात. तसे सांगून विकले तर त्यात गैर काही नाही. न सांगता विकले तर ती फसवणूक आहे. उलटपक्षी लेथ किंवा पट्टी-करवत वापरली म्हणून क्यू हातघडणीचा उरत नाही, असे मी मानत नाही. लाकूड निवडणे, ते केव्हा थांबवायचे हे ठरवणे आणि शेवटचा आकार रंध्याने देणे ही कामे कोणी केली, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विक्रेत्याला सरळ विचारावा. ज्याने काम स्वतः केले आहे तो यावर आनंदाने आणि तपशीलवार बोलतो, असा माझा अनुभव आहे.

क्यू टेबलावर घरंगळवून सरळपणा पाहण्याची सवय सर्वत्र आहे. त्या परीक्षेवर विसंबू नये. रंध्याने घडवलेला क्यू गणिती अर्थाने संपूर्ण गोल नसतो, आणि बटाच्या शेवटी नावपट्टीसाठी एक बाजू सपाट केलेली असते. त्यामुळे सरळ क्यूही थोडा उडतो. त्याऐवजी बट डोळ्याजवळ धरून शाफ्टवरून टिपेपर्यंत नजर टाकावी आणि क्यू सावकाश फिरवत राहावे. टिपेजवळचा बाक सर्वांत त्रासदायक असतो. बटाजवळची किंचित वळण मात्र पुष्कळदा खेळात जाणवतही नाही. मग बट तळहातावर हलकेच आपटावा. नाद एकसंध आला पाहिजे. बारीक खुळखुळ ऐकू आली, तर फेरूल, जोड किंवा आतले शिशाचे वजन यांपैकी काहीतरी सैल आहे.

प्रश्न : अ‍ॅशच्या शाफ्टवरील बाणासारख्या रेषा जितक्या जास्त तितका क्यू चांगला, असे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. वर्षावलयांच्या थरांना निमुळता आकार तिरका छेदतो, म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंवर हे बाण उमटतात आणि उरलेल्या दोन बाजूंवर सरळ रेषा दिसतात. बाण शाफ्टच्या मध्यावर आणि समान अंतराने असतील, तर लाकूड नीट कापले गेले आहे याची ती चांगली खूण होय. त्यांची संख्या ही आवडीची बाब आहे. खेळाडूला त्यांचा खरा उपयोग असा, की बाण दर वेळी वरच ठेवले तर क्यू हातात नेहमी एकाच बाजूने धरला जातो आणि लाकडाची लवण सारखी राहते. मेपल या दुसऱ्या लाकडाच्या शाफ्टमध्ये रेषे इतके स्पष्ट दिसत नाहीत. ज्यांना निशाण साधताना रेषांचा अडथळा वाटतो त्यांना ते लाकूड मानवते.

प्रश्न : नामांकित कारागिराकडे मागणी नोंदवली, तर कित्येक महिने थांबावे लागते असे कळले. काहींनी तर नव्या मागण्या घेणेच बंद केले आहे. इतकी टंचाई का, आणि दुसरा मार्ग कोणता?

उत्तर : हे काम मुळातच वाढवता येण्यासारखे नाही. इंग्लंडमध्ये थर्स्टन, बरोज अँड वॉट्स, रायली, पेराडन अशा जुन्या संस्थांनी एकेकाळी मोठ्या प्रमाणावर क्यू तयार केले. आज तेथील वाखाणला जाणारा हातघडणीचा क्यू बहुतेक वेळा एकट्या-दुकट्या माणसाच्या किंवा अगदी लहान कार्यशाळेतून येतो. लंडनचे जॉन पॅरिस हे त्यांतील सर्वाधिक परिचित नाव; रॉनी ओसुलिव्हनसह अनेक व्यावसायिक खेळाडूंनी त्यांच्याकडील क्यू वापरले आहेत. असे नाव जगभर पोहोचले, की मागणी जगाची आणि हात मात्र मोजकेच, अशी स्थिती होते. मग रांग लागते, किंमत चढते किंवा वही बंद केली जाते.

लाकडाची बाजू अधिक चिंतेची आहे. आशियातून गेलेला एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात सापडला आणि त्यानंतर त्याने उत्तर अमेरिकेतील कोट्यवधी अ‍ॅश वृक्ष मारले. ज्या पांढऱ्या अ‍ॅशला क्यूसाठी मोठी मागणी असते, त्या जातीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१७ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून केली. युरोपीय अ‍ॅश एका बुरशीमुळे शेंड्याकडून वाळत चालला असून ब्रिटनमध्ये तो रोग २०१२ मध्ये आढळला. लाकूड आज संपलेले नाही, परंतु जुन्या, सावकाश वाढलेल्या, सरळ रेष्यांच्या वृक्षांचे लाकूड पूर्वीसारखे निवडून घेता येत नाही, आणि निवड हाच तर या कामाचा पाया आहे.

बटाच्या लाकडांवर कायद्याची बंधने आहेत. मादागास्करमधील आबनूस २०१३ पासून आणि शिसवीचा संपूर्ण वंश (डालबर्जिया) जानेवारी २०१७ पासून वन्यजीव व्यापाराच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. शिसवीच्या तयार वस्तूंना, एका पाठवणीत त्या लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असल्यास, नोव्हेंबर २०१९ पासून त्या कराराखाली सवलत मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे; त्याचा क्यू परदेशातून मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडे वैध कागदपत्रे आहेत याची खात्री करून घ्यावी, नाहीतर वस्तू सीमाशुल्क कार्यालयात अडकेल.

दुसरा मार्ग नक्कीच आहे. थायलंडमध्ये हातघडणीच्या क्यूंच्या अनेक कार्यशाळा आहेत आणि चीनमध्येही हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील उत्तम क्यू कुठल्याही इंग्लिश क्यूच्या बरोबरीने बसतो आणि पुष्कळदा स्वस्त असतो. अडचण आहे ती सातत्याची : एकाच नावाखाली येणाऱ्या दोन क्यूंमध्ये मोठा फरक निघू शकतो. म्हणून असा क्यू शक्यतो हातात घेऊन निवडावा, आणि दुरून मागवायचा असेल तर त्याच क्यूच्या संपूर्ण शाफ्टची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे मागावीत. नमुन्याचे छायाचित्र उपयोगाचे नाही. तयार क्यूचा मोठा लाभ हा, की जे घेणार तेच आधी दिसते. मागणी देऊन करवून घेतलेल्या क्यूमध्ये मापे आपली असतात, पण हाताला कसे वाटेल हे तो आल्यावरच समजते.

प्रश्न : अखंड क्यू, बटात जोड असलेला तीन-चतुर्थांश क्यू आणि मधोमध जोड असलेला क्यू, यांत दर्जाने श्रेष्ठ कोणता? जोडामुळे किंमत वाढते ती योग्य आहे का?

उत्तर : अखंड क्यूचा स्पर्श सर्वांत जिवंत असतो, असे मानणारे पुष्कळ जाणकार आहेत आणि ते निराधार नाही; लाकडाच्या रेष्यात कुठे जोडाचे पितळ आडवे येत नाही. पण सुमारे पाच फुटांची वस्तू घेऊन प्रवास करणे कठीण असते. तीन-चतुर्थांश क्यूमध्ये जोड बटात, हाताच्या थोडा पुढे येतो, त्यामुळे शाफ्ट अखंड राहतो; आज त्याची चलती आहे ती याच कारणाने. मधल्या जोडाकडे पूर्वी तुच्छतेने पाहिले जाई. जॉन स्पेन्सर यांनी १९७७ मध्ये, जागतिक स्पर्धा प्रथमच शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात भरली तेव्हा, कॅनडात तयार झालेल्या दोन तुकड्यांच्या क्यूने विजेतेपद मिळवले आणि त्या समजुतीला उत्तर मिळाले.

जोडाची किंमत त्याच्या अचूकतेची असते. दोन्ही भाग पिळून बसवल्यावर सांध्यावरून नख फिरवावे. ते कुठे अडू नये, आणि दोन्ही बाजूंचे रेषे एका ओळीत आले पाहिजेत. हे जमवायला वेळ लागतो, म्हणून जादा पैसे रास्त आहेत.

प्रवासाचा धोका खरा आहे. स्टीफन हेंड्री यांनी ज्या क्यूने सातही जागतिक विजेतेपदे मिळवली, तो क्यू २००३ मध्ये विमानप्रवासात मोडला. तो क्यू काही फार किमती नव्हता, लहानपणी घेतलेला साधा क्यू होता. किंमत आणि मोल यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. क्यू घेताना मजबूत पेटीसाठी खर्चातला काही भाग आधीच बाजूला ठेवावा.

प्रश्न : एका ज्येष्ठ खेळाडूंकडून जुना क्यू विकत मिळत आहे. बटावर एका गतकालीन विजेत्याच्या नावाची पट्टी आहे आणि किंमत बरीच सांगितली आहे. घ्यावा का?

उत्तर : संग्रहासाठी की खेळण्यासाठी, हे प्रथम ठरवावे. खेळाडूंच्या नावांच्या पट्ट्या लावलेले क्यू जुन्या संस्थांनी मोठ्या संख्येने विकले आहेत; त्या खेळाडूने तो क्यू कधी हातात घेतला होता, असा त्याचा अर्थ होत नाही. पट्टी एका क्यूवरून काढून दुसऱ्यावर बसवणेही अवघड नसते. पट्टीभोवतीचे लाकूड, खिळ्यांची भोके आणि पॉलिशची झीज एकमेकांशी जुळते का ते पाहावे.

खेळायचे असेल तर लांबी मोजावी. फेरूल बदलताना दर वेळी शाफ्ट थोडा कापला जातो, आणि शाफ्ट बटाकडे जाड होत जात असल्यामुळे कापलेला क्यू टिपेकडे जाड होतो. मग तो पुन्हा छिलून बारीक केला, की त्याची मूळची ताठरता जाते. दशकानुदशके मुरलेले, सरळ राहिलेले जुने लाकूड मात्र आज सहजी मिळत नाही, आणि लांबी शिल्लक असेल तर अशा क्यूसाठी चार पैसे अधिक देण्यास माझी हरकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे आणि स्नूकर गांभीर्याने शिकत आहे. प्रशिक्षक हातघडणीचा क्यू घ्यायला सांगतात. इतक्या लवकर एवढा खर्च करावा का?

उत्तर : तिचा स्वतःचा एक क्यू असावा, हे आपल्या प्रशिक्षकांचे म्हणणे अगदी योग्य आहे. रोज निराळा क्यू हातात आला, तर चूक हाताची की क्यूची हे तिला कळणार नाही. परंतु मापे देऊन घडवलेला क्यू आता घेऊ नये. तिची उंची, उभे राहण्याची पद्धत आणि मूठ अजून बदलत आहे, आणि आजच्या मापांचा क्यू दोन वर्षांत तोकडा पडेल. शिवाय एकाच व्यक्तीच्या मापाचा, तिचे नाव कोरलेला क्यू पुन्हा विकताना गिऱ्हाईक सहज मिळत नाही.

मधल्या किमतीचा, यंत्राच्या जोडाचा पण सरळ रेष्यांच्या शाफ्टचा तयार क्यू घ्यावा, आणि तो दहा-बारा क्यूंमधून निवडून घ्यावा. नियमानुसार क्यू किमान ३ फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर लांब हवा आणि त्याचा पारंपरिक निमुळता आकार कायम हवा. तेव्हा तिच्या उंचीला ५४ किंवा ५५ इंचांचा क्यू सोयीचा वाटत असेल, तर नियमाची आडकाठी नाही. बटाच्या टोकाला लांबीसाठी छोटा जोडतुकडा बसवण्याची सोय असलेला क्यू मिळाला तर उत्तम. टिप चांगली लावून घ्यावी. कमी खर्चात क्यूचा स्पर्श सर्वांत अधिक बदलतो तो टिपेमुळे.

या क्यूने ती खेळत असताना तिला काय मानवते याची नोंद ठेवावी : क्यूचे नेमके वजन, टिपेचा व्यास, बटाच्या टोकापासून तोल किती इंचांवर साधतो, शाफ्ट ताठ वाटतो की लवतो. तिचा खेळ स्थिर झाला, की हीच नोंद कारागिराला द्यावी. त्या वेळी आगाऊ रक्कम किती, ती परत मिळते का, लाकडाच्या स्वभावामुळे वजनात किती फरक चालवून घ्यावा लागेल आणि पहिल्या वर्षात शाफ्ट वाकला तर तो कोणाच्या खर्चाने बदलायचा, हे चारही मुद्दे मागणी नोंदवण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावेत.